अंड्यातला सांगावा: कोंबडीच्या गर्भावर पहिला प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सांगलीतल्या एका दुकानातून दोन डझन अंडी आणली, इन्क्युबेटरमध्ये मांडली आणि दोन दिवस मैत्रिणींना सांगत फिरले, की शनिवारी धडधडतं हृदय दाखवते. शनिवारी एकेक अंडं फोडत गेले. चोवीसच्या चोवीस अंड्यांत निव्वळ बलक. लॅबमधले मामा खांद्यावरून डोकावून म्हणाले, "ताई, ह्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलाय का?"

बघितलेला नव्हता. दुकानात मिळणारी अंडी लेयर फार्मवरची असतात. तिथं नुसत्या कोंबड्या असतात आणि अंडी फलित नसतात. शाळेत शिकलेली गोष्ट, पण प्रोजेक्टच्या घाईत माझ्या डोक्यातून पार गेली होती. ही आणि पुढं केलेल्या आणखी पाचसहा चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

विषय असा: गर्भातल्या पेशी एकमेकींना रेणूंच्या रूपात सांगावा धाडतात. कुणी कातडी व्हायचं, कुणी मणका, कुणी चेतापेशी, आणि त्या चेतापेशीचा तंतू कुणीकडं धावायचा, हे सगळं त्या सांगाव्यांवर ठरतं. पुस्तकात हा भाग आद्याक्षरांचं रान वाटतो. अंड्यात बघाल तर चार दिवसांची सलग गोष्ट आहे.

१. नावं पाठ करू नका, वहीत चार रकाने आखा

मी पहिला महिना नावं घोकण्यात घालवला. हेजहॉग, विंट, बीएमपी, एफजीएफ, नॉच, रेटिनॉइक आम्ल. सांगावा नेणाऱ्या रेणूंची कामाची कुटुंबं एवढीच, पण नुसत्या नावांनी काही कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक रेणूसाठी चार रकाने करा: सांगावा कोण धाडतं, तो कुणाच्या दारात पोचतो म्हणजे रिसेप्टर कुणाकडं आहे, किती प्रमाणात आणि किती वेळ पोचतो, आणि ऐकणाऱ्या पेशीनं पुढं काय केलं.

सगळ्यांत जास्त पोरं दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात फसतात. रेणूला ठरलेला अर्थ असतो असं आपण धरून चालतो: अमुक रेणू म्हणजे हाड, तमुक म्हणजे मज्जातंतू. तसं नसतं. सॉनिक हेजहॉग हा एकच रेणू पाठीच्या कण्याजवळ चेतापेशींचे प्रकार ठरवतो, आणि पंखाच्या कोंबात बोटांचा क्रम ठरवतो. अर्थ ऐकणाऱ्यावर आहे. आपल्याकडं "पाहुणं आलंत" हा एकच निरोप स्वयंपाकघरात गेला की चहाचं आधण चढतं, आणि पोरांच्या खोलीत गेला की पसारा आवरला जातो. तसंच.

प्रमाणाचं बघायचं असेल तर पाण्यानं भरलेल्या परातीच्या एका कडेला चिमूटभर हळद सोडा. सांगलीकरांना हळदीची वानवा नाही. कडेला गडद पिवळं, पुढं फिकट, पलीकडं पाणीच. प्रत्येक पेशी आपल्यापाशी रंग किती गडद आहे यावरून आपली जागा ओळखते. अशा रेणूला मॉर्फोजेन म्हणतात. हा शब्द ॲलन ट्यूरिंग यांनी १९५२ मध्ये वापरला, म्हणजे संगणकवाल्यांचे तेच ट्यूरिंग. नॉचचं मात्र वेगळं आहे. तो पाण्यात सुटत नाही, सांगणारी आणि ऐकणारी पेशी एकमेकींना चिकटलेल्या लागतात. कानात कुजबुजल्यासारखं.

२. कागद आणि सामान

कागद थोडेच, पण आधी हवेत. विभागप्रमुखांची लेखी परवानगी, गाइडच्या सहीची प्रोजेक्टची रूपरेषा, आणि कॉलेजात नैतिकता समिती असेल तर तिच्याकडं अर्ज. मी हे शेवटी केलं आणि सह्यांसाठी पंधरा दिवस ताटकळले. अर्जात किती अंडी, किती दिवसांपर्यंत वाढवणार आणि नंतर काय करणार हे स्पष्ट लिहा. चार दिवसांच्या पुढं जाऊ नका. शिकायला तेवढं पुरतं.

सामान:

- इन्क्युबेटर, आत ठेवायला वेगळा थर्मामीटर, पाण्याची पसरट वाटी
- वक्र टोकाची बारीक कात्री, दोन चिमटे, ड्रॉपर, वॉच ग्लास, काचेचं खोल भांडं
- ५ मिलीची सिरिंज आणि जाड सुई
- औषधाच्या दुकानात मिळणारी ०.९ टक्के सलाइनची बाटली
- फिल्टर पेपर, सेलोटेप, मऊ पेन्सिल
- काळी चित्रकलेची शाई
- डिसेक्शन मायक्रोस्कोप. त्यावर मोबाइल धरायला स्टँड मिळाला तर फारच बरं
- कायमच्या स्लाइडसाठी फॉर्मेलिन आणि बोरॅक्स कार्माइन, जे बहुतेक विभागांच्या कपाटात असतंच

कात्री आणि चिमटे मी मिरजेतून घेतले. दवाखान्यांचं गाव असल्यानं सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, आणि हातात धरून, टोकं जुळतात का ते बघून घेता येतं. ऑनलाइन मागवलेल्या चिमट्याची टोकं जुळत नव्हती.

३. अंडी: खरी परीक्षा इथं

दोन वाटा आहेत. एक, हॅचरी. सांगली जिल्ह्यात कुक्कुटपालन भरपूर आहे, पण हॅचरीवाले चारदोन डझनांसाठी सहज तयार होत नाहीत. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन जा. दुसरी, गावातली गावरान अंडी, जिथं कळपात कोंबडा आहे. माझं काम तासगावकडच्या मावशीनं केलं. तिच्या परसात बारा कोंबड्या आणि एक भांडखोर कोंबडा. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "खुडकीखालची अंडी पायजेत का ताजी?" ताजीच घ्या. खुडूक कोंबडीनं उबवायला घेतलेल्या अंड्यात गर्भ किती तास पुढं गेलाय ते सांगता येत नाही, आणि आपला सगळा हिशेब तासांचा.

फलित अंडं ओळखायचं कसं? बाहेरून ओळखत नाही. प्रत्येक खेपेतली दोनतीन अंडी न उबवता फोडून बघा. बलकावर पांढरा ठिपका दोन्ही प्रकारांत असतो. फलित नसलेल्यात तो बारका आणि वेडावाकडा असतो. फलित अंड्यात तीनचार मिलिमीटरची गोल चकती, मध्यभाग जरा पारदर्शक आणि भोवती पांढरं कडं. अंडं घातलं जातं तेव्हाच गर्भ हजारो पेशींचा झालेला असतो, कारण कोंबडीच्या पोटात जवळजवळ एक दिवस तो वाढलेलाच असतो.

आता मे महिन्याची गोष्ट. साधारण विशीच्या वर तापमान गेलं की गर्भ हळूहळू वाढू लागतो. सांगलीत मे महिन्यात खोलीचं तापमान पस्तीशीच्या पुढं असतं. म्हणजे मावशीच्या टोपलीत तीन दिवस पडलेलं अंडं आणि सकाळी घातलेलं अंडं एकाच वेळी इन्क्युबेटरमध्ये ठेवलंत तरी गर्भ सारखे निघत नाहीत. वर उन्हाळ्यात अर्धवट वाढून मरणारेही बरेच. प्रोजेक्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. अंडी ठेवायची तर १३ ते १६ अंशांना, आठवड्याच्या आत वापरायची. घरच्या फ्रीजचं तापमान त्याहून खाली असतं, तिथं ठेवू नका.

एसटीनं आणणार असाल तर डब्यात तूस घालून, डबा मांडीवर घेऊन बसा. सीटखाली ठेवलेला डबा आणि आपले रस्ते, यांचं जमत नाही. आणल्यावर अंडी बोथट टोक वर करून काही तास स्थिर ठेवा, मग उबवायला घाला.

४. उबवणं आणि तासांची वही

तापमान ३७.५ ते ३८ अंश. आत पाण्याची वाटी हवीच. अंडी आडवी ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारा; बलकावरची चकती तरंगून वर येते, त्यामुळं गर्भ फुलीखाली सापडतो. नंतर अंडं फिरवू नका. स्केच पेन वापरू नका, कवच सच्छिद्र असतं. अंड्यावर तारीख नको, वेळ लिहा: "सोम. सायं. ६."

वीज गेली तर? एकदा रात्री आमची लाइन चार तास गेली आणि सकाळी मी काहीच झालं नाही अशा थाटात पुढं गेले. ४८ तासांचे म्हणून काढलेले गर्भ जेमतेम ४० तासांचे दिसले आणि अख्खी निरीक्षणं गडबडली. यावरचा खरा उपाय इन्व्हर्टर नाही, गर्भालाच वय विचारणं हा आहे. न्यूरल ट्यूब म्हणजे पुढं मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी; तिच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांच्या जोड्या दिसतात, त्या सोमाइट. कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी तयार होते. जोड्या मोजा, वय कळतं. हॅमबर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये दिलेले ४६ टप्पे आजही जगभर वापरतात. सुरुवातीचे बरेचसे टप्पे ते सोमाइट मोजूनच ठरवतात. निरीक्षणात "४८ तास" एवढंच न लिहिता "१६ सोमाइट, टप्पा १२" असं लिहा. परीक्षक खूष होतो, आणि विजेनं दगा दिला तरी आकडा खरा राहतो.

५. अंडं उघडणं

पहिली पद्धत, खिडकी. बोथट टोकाशी बारीक भोक पाडा, सुईचं तोंड खाली ठेवून तीनचार मिली पांढरं ओढून घ्या. गर्भ कवचापासून सुटून खाली जातो. हे विसरलात तर कात्री सरळ गर्भातून जाते. माझी दोन वेळा गेली. भोकावर टेप, वरच्या फुलीवरही टेप, मग टेपसकट दोन सेंटिमीटरची खिडकी कापा. टेपमुळं कवचाचे तुकडे आत पडत नाहीत. गर्भ पारदर्शक असल्यानं सुरुवातीला काहीच दिसत नाही. सलाइनमध्ये पातळ केलेली काळी शाई चकतीच्या खाली, सुई जवळजवळ आडवी धरून, अगदी थोडी सोडा. काळ्या पडद्यावर गर्भ उमटतो.

दुसरी पद्धत, फिल्टर पेपरची चौकट. तीन सेंटिमीटरच्या तुकड्याला मध्ये एक-दीड सेंटिमीटरचं भोक पाडा. अंडं कोमट सलाइनच्या भांड्यात हळुवार फोडा, चौकट अशी टेकवा की गर्भ भोकात येईल, कागद चिकटला की बाहेरून गोल कापा आणि चिमट्यानं उचलून वॉच ग्लासमध्ये घ्या. स्लाइड करायची असेल तर हीच बरी. सलाइन कोमट हवं. गार सलाइनमध्ये हृदय मंदावतं आणि तुम्हाला वाटतं गर्भ मेला.

६. कोणत्या तासाला काय बघायचं, आणि तेव्हा कोण बोलत असतं

*१८ तास.* चकतीच्या मधोमध एक रेघ, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. तिच्या टोकाची गाठ म्हणजे हेन्सनची गाठ. १९२४ मध्ये हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी सॅलॅमँडरच्या गर्भातला असाच एक तुकडा दुसऱ्या गर्भात बसवला आणि त्या गर्भाला दुसरा कणा, दुसरा मेंदू फुटला. तुकड्यानं शेजाऱ्यांना कामाला लावलं होतं. पुढं कोंबडीत हेन्सनची गाठ हेच काम करते हे दिसलं. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळालं. मांगोल्ड मात्र १९२४ मध्येच घरातल्या हीटरच्या स्फोटात गेल्या.

मग तो तुकडा सांगतो काय? इथं जवळजवळ सगळे चुकतात. आपल्याला वाटतं "चेतासंस्था हो" असा हुकूम सुटत असेल. प्रत्यक्षात उलटं आहे. वरच्या थराच्या पेशींचा कल मुळात चेतासंस्थेकडंच असतो. बीएमपी त्यांना कातडी व्हायला लावतं. नॉगिन आणि कॉर्डिन हे त्या तुकड्यातले रेणू बीएमपीला धरून ठेवतात, रिसेप्टरपर्यंत पोचू देत नाहीत. अडवणाऱ्याला अडवलं की मूळचं पुढं येतं. हे चित्र बेडकाच्या गर्भात सगळ्यांत स्वच्छ दिसलं. कोंबडीत एफजीएफचाही हात लागतो.

*२४ ते २९ तास.* डोक्याची घडी, पहिले सोमाइट, आणि मधल्या पट्ट्याच्या दोन कडा वर उचललेल्या. कडा मिटून न्यूरल ट्यूब होते. डोळ्यांनी बघितलं की कळतं हे किती नाजूक आहे. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, बहुतेकींना दिवस गेल्याचं कळायच्या आधी किंवा नुकतं कळत असताना. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात. माझ्या वहिनीला आशाताईंनी गोळ्या दिल्या तेव्हा ती म्हणाली होती, "अजून कशाचा पत्ता नाही आणि गोळ्या कसल्या?" तिला मी मोबाइलवरचा हाच फोटो दाखवला.

*३३ ते ३८ तास.* दहा सोमाइट. इथं थांबा, लेन्स स्थिर करा, श्वाससुद्धा जपून घ्या. उजव्या बाजूला फुगलेली एक नळी आहे. आधी वाटतं टेबल हललं. मग ती पुन्हा आकसते. मध्ये लांब थांबते, पुन्हा एकदा. रक्ताचा लाल रंग अजून तिथं नाही. दोन पारदर्शक भिंती आणि एक ओढ, बस. मामासुद्धा हातातलं झाडण ठेवून बघायला आले होते.

सोमाइटच्या ९० मिनिटांमागं पेशींतलं घड्याळ आहे: एक जनुक चालू-बंद होत राहतं, आणि शेजारच्या पेशींची घड्याळं नॉच एकमेकींशी जुळवत राहतो. हे पहिल्यांदा १९९७ मध्ये कोंबडीच्याच गर्भात दिसलं.

*४८ ते ७२ तास.* न्यूरल ट्यूबच्या खाली नोटोकॉर्ड हा दांडा असतो. तो सॉनिक हेजहॉग सोडतो, वरच्या कडेनं बीएमपी आणि विंट सुटतात. परातीतली हळद आठवा, फक्त आता दोन कडांनी दोन रंग. खालच्या कडेला फ्लोर प्लेट, म्हणजे नळीच्या तळाची पट्टी, तिच्या जरा वर स्नायू हलवणाऱ्या मोटर चेतापेशी, त्यांच्यावर मधले प्रकार. सॉनिक हेजहॉगचं प्रमाण दोनतीन पटींनी बदललं की पेशीचा प्रकार बदलतो. संशोधकांनी जादा नोटोकॉर्ड नळीच्या बाजूला बसवून बघितला, तर तिथंही फ्लोर प्लेट आणि मोटर चेतापेशी आल्या.

हा सांगावा अडला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या आयडाहोच्या मेंढपाळांनी १९५० च्या दशकात बघितलं. कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मत होती. मेंढ्यांनी गाभणपणाच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास एक रानटी वनस्पती खाल्लेली होती, आणि तिच्यातलं सायक्लोपामिन हेजहॉगचा सांगावा पेशीत शिरू देत नाही. चेहऱ्याच्या मध्यावर सांगावा पोचला नाही, म्हणून डोळ्यांचं क्षेत्र दोहोंत वाटलंच गेलं नाही. आमच्या वर्गातल्या माण तालुक्यातल्या मुलानं हे ऐकून विचारलं होतं, "मग विसाव्या दिवशी खाल्लं तर?" उत्तर असं की तो डोळ्यांचा मुहूर्त टळलेला असतो. तिसऱ्या रकान्यात "किती वेळ" याच्या शेजारी "केव्हा" हेही लिहा.

*७२ ते ९६ तास.* पंख आणि पायाचे कोंब. कोंबाच्या कडेची जाड रेघ एफजीएफ सोडते आणि कोंब लांबत जातो. मागच्या कडेला सॉनिक हेजहॉग. ती मागची कड पुढच्या बाजूलाही बसवली की पंखात बोटांची आरशातल्यासारखी दुसरी रांग येते.

आणि आतमध्ये, दिसत नसलं तरी, तंतू निघालेले असतात. तंतूच्या टोकाला पंजासारखा भाग असतो, ग्रोथ कोन. सांतियागो रामोन इ काहाल यांनी तो १८९० मध्ये कोंबडीच्याच गर्भात बघितला. नळीच्या वरच्या भागातल्या काही पेशींचे तंतू खाली फ्लोर प्लेटकडं धावतात, कारण तिथून नेट्रिन बोलावत असतं. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे: संस्कृत "नेतृ", नेणारा, ज्यातून आपला नेता आला. १९९४ मध्ये ते वेगळं काढायला सुमारे २५,००० कोंबडीच्या गर्भांचे मेंदू लागले.

मध्यरेषा ओलांडल्यावर तोच तंतू मागं का फिरत नाही? कारण आता त्याचे कान बदलतात. नेट्रिनचं बोलावणं फिकं पडतं, आणि आतापर्यंत ऐकू न येणारा स्लिट हा दूर लोटणारा रेणू ऐकू येऊ लागतो. नेट्रिनच्या जोडीला तंतूंना खाली ओढणारा आणखी एक रेणू २००३ मध्ये सापडला, तो निघाला सॉनिक हेजहॉग. दोन दिवसांपूर्वी पेशीचा प्रकार ठरवणारा, तोच आता वाट दाखवतो. मी या पानावर पोचले तेव्हा चार रकान्यांची वही पहिल्यांदा उपयोगी पडल्यासारखी वाटली.

७. जे दिसणार नाही

आपल्या लॅबमध्ये रेणू दिसत नाहीत, त्यांचं काम दिसतं. अहवालात "सॉनिक हेजहॉगचं निरीक्षण केलं" असं लिहू नका. एका सीनियरनं लिहिलं आणि तोंडी परीक्षेत अर्धा तास त्यावरच गेला. कोणतं जनुक कुठं चालू असतं याचे फोटो बघायला "गीशा" हा कोंबडीच्या गर्भाचा मोफत ऑनलाइन संग्रह आहे. आपला फोटो आणि तिथला त्याच टप्प्याचा फोटो शेजारी ठेवा, पण कुठला कुणाचा ते लिहा.

साधनं कमी म्हणून हिरमुसला असाल तर रीता लेवी-मोंताल्चिनी आठवा. इटलीत १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना संस्थांतून काढलं, तेव्हा त्यांनी तुरीनच्या घरात, झोपायच्या खोलीत, शिवणाच्या सुया घासून कोंबडीच्या गर्भावर काम केलं. चेतापेशींना जगायला लावणारा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर त्यांनी पुढं अमेरिकेत शोधला. स्टॅनली कोहेन यांच्यासह १९८६ चं नोबेल. युद्धकाळात गर्भ काढून उरलेली अंडी त्या खात असत. लॅबमध्ये तुम्ही मात्र हे करू नका, बाटलीशेजारी फॉर्मेलिन आहे.

८. तोंडी परीक्षेत हमखास येणारं

सोमाइट किती मोजले. नॉगिन काय करतं. दुकानातली अंडी का चालत नाहीत (यावर मी फार आत्मविश्वासानं बोलले). स्वतः काढलेलं चित्र बरोबर न्या. छापील चित्राची नक्कल लगेच ओळखू येते, कारण छापील गर्भ नेहमी सरळ असतो आणि आपला जरा वाकलेला.

९. आवरताना

न लागणारे गर्भ सलाइनसकट डबा बंद करून डीप फ्रीझमध्ये ठेवा, मगच विभागाच्या जैविक कचऱ्यात द्या. बेसिनमध्ये बलक ओतू नका. तो पाइपमध्ये थिजतो, तिसऱ्या दिवशी वास मारतो, आणि मग मामा तुमच्याशी आठवडाभर बोलत नाहीत. इन्क्युबेटरची पाण्याची वाटी घासून ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला बुरशी लागते.